काजळखोऱ्यातली माणसं

रंजना गेली हे बार्शीतल्या वायरमन लोकांना हणमंत कसपट्यांच्या आधी वीस मिनिटं कळलं. हणमंतराव तेव्हा खांबावर होते. तारांची पाहणी आता ड्रोन करत असले तरी तारांना तारा जोडणारे जंपर आवळायला माणूसच वर चढावा लागायचा, आणि खांबावरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही हा वीज खात्यातला जुना रिवाज. सांगितली की हात सुटतो. म्हणून तिघे जण आले आणि खाली नुसते उभे राहिले.

हणमंतराव वरून ओरडले, "काय रे, माझा तमाशा बघायला आलाय का तिघं तिघं? आलाच आहात तर ती मोठी पक्कड तरी द्या."

पक्कड दोरीला बांधून वर गेली. हणमंतरावांनी तिन्ही जंपर नीट आवळले. गायकवाडच्या नव्या बुटांवरून त्याची टिंगल केली, स्वतःच हसले आणि सावकाश उतरले. पाय जमिनीला लागल्यावर गायकवाडने त्यांचा सेफ्टी बेल्ट स्वतःच्या हाताने सोडला.

"कसपटे, समाजमंदिरात वहिनींना चक्कर आली. दवाखान्यात नेलं होतं."

"नेलं होतं म्हणजे?"

गायकवाडने मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. रंजना अठ्ठावन्न वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर चार महिन्यांनी हणमंतराव निवृत्त झाले. घरात एक माणूस आणि सगळी भांडी दोघांची, असं झालं.

रंजना समाजमंदिरात काय करत होती हे आधी सांगायला हवं.

पुण्याच्या एका कंपनीने 'काजळखोरे' नावाचा खेळ बनवायला घेतला होता. हजारो लोक आपापल्या घरून त्यात शिरणार. कुणी तलवारबाज होणार, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. खोऱ्यात आधीपासून राहणारी पात्रं मात्र यंत्र चालवणार. राजा, पहारेकरी, चेटकीण, वेताळ, बाजारातले दुकानदार, अशी चार हजार. यंत्रांना बोलता केव्हाच यायला लागलं होतं. पण ती सगळी एकसारखी गुळगुळीत बोलायची आणि लोकांना त्याचा कंटाळा आला होता.

कंपनीने तोडगा काढला तो सवयींचा. माणसाचे शब्द किंवा आवाज उचलायला कायद्याने बंदी होती. म्हणून शब्द यंत्राचेच ठेवले आणि माणसाकडून फक्त सवयी घेतल्या. कपाळाला पट्टी बांधून माणसाला वर्ष-सव्वा वर्ष कच्च्या खेळात बसवायचं. तो कुठे अडखळतो, रागावला की हाताने काय करतो, समोरच्याला आधी काय विचारतो, खोटं बोलण्याआधी किती वेळ घेतो, हे पट्टी टिपत राहायची. मग चाळीस जणांच्या सवयी एकत्र करायच्या आणि त्यातून प्रत्येक पात्राला थोड्या थोड्या द्यायच्या. भाजणी एकदा दळली की कुठला दाणा कुणाच्या घरचा ते सांगता येत नाही. तसं पात्रात कुणी एक माणूस ओळखू येणार नाही, अशी कंपनीची खात्री होती.

काजळखोऱ्यासाठी चाळीस जणींची तुकडी बार्शीच्या महिला मंडळातून घेतली होती. रोज दोन तास बसायचं, खाडा करायचा नाही. एकीचे खाडे वाढले तरी अख्खी तुकडी बाद. पहिले दोन महिने सगळं नीट चाललं. मग लग्नसराई आली, कुरडया-पापडांचे दिवस आले, कुणाची सून बाळंत झाली. मंडळात एकीचं काम दुसरीने करायचं ही पहिल्यापासूनची पद्धत. रंजनाला घरी फारसा व्याप नव्हता. "रंजू, आज माझी पट्टी तू बांध गं," असं कुणी म्हटलं की ती बसायची. सकाळी स्वतःची बैठक, दुपारी दुसरीची, कधी कधी तिसरीची. पट्टीला काय कळतंय डोकं कुणाचं, असं सगळ्याच म्हणायच्या. असे सगळे मिळून चौदा महिने गेले.

खेळ बाजारात आला तो रंजना गेल्यावर आठ महिन्यांनी.

मंगल भाकरे मंडळाच्या अध्यक्ष आणि कसपट्यांच्या शेजारीण. खेळ आल्यानंतरच्या रविवारी सकाळी हणमंतराव त्यांच्या स्वयंपाकघरातलं बटण बदलत होते आणि मंगलवहिनी फोनवर लोकांनी लिहिलेली मतं वाचून दाखवत होत्या. खेळाच्या शेवटी मंडळाचं नाव येतं याचा त्यांना फार अभिमान होता.

"ऐका भावजी. हा म्हणतो, डोंगर झकास, तलवारबाजी एक नंबर. पाच तारे. आणि ह्या मेल्याने एकच तारा दिलाय. का, तर चेटकीण मारायला उठायच्या आधी विचारती, जेवून आलास का. म्हणतो, मला तिच्यावर तलवारच उगारता येईना, पैसे परत द्या."

"मग जेवून जायचं की," हणमंतराव म्हणाले.

"ही पोरगी बघा. म्हणती, आयुष्यात पहिल्यांदा मला एका राक्षसाने विचारलं की एवढ्या उन्हाची कुठून आलीस. रडूच आलं, लिव्हलंय. आणि हा दुसरा म्हणतो, राजापासून वेताळापर्यंत सगळी एकाच घरातली वाटतात. सगळी एकच गोष्ट दोनदा विचारतात. दार लावलं का, नक्की लावलं का. अंगावर काटा येतो म्हणे."

हणमंतराव स्क्रू फिरवत होते.

"आणि ही तक्रार तर लई जणांची हाय. आपण निघालो की मागनं 'थांब' म्हणतात. वळून बघावं तर नुसतं तोंड उघडून उभी. पुढं काहीच बोलत नाहीत. कंपनीने ही चूक तातडीने दुरुस्त करावी."

स्क्रू फिरायचा थांबला.

"किती पावलं गेल्यावर?"

"आं?"

"लिहिलंय का, किती पावलं गेल्यावर थांब म्हणतात ते?"

मंगलवहिनींनी बोटाने मतं वरखाली केली. "एकाने लिव्हलंय. सात-आठ पावलं गेल्यावर. समोर उभा होतो तवा सांगायला काय झालं होतं, असं विचारतो."

हणमंतरावांनी बटण तसंच लोंबकळत सोडलं आणि ते ओट्याला टेकून उभे राहिले.

बत्तीस वर्षं ते सकाळी मोटारसायकल स्टँडवरून काढायचे. दारात डबा देताना रंजना काही बोलायची नाही. गाडी फाटकाबाहेर काढून ते सात-आठ पावलं ढकलत न्यायचे, आणि तेवढ्यात मागून यायचं, "अहो, थांबा जरा." ते म्हणायचे, "आल्यावर बोलू." संध्याकाळी कधी आठवणीने विचारलं, सकाळी काय म्हणत होतीस, तर ती म्हणायची, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते समाजमंदिरात गेले. मंडळाकडे पट्ट्या आणि चष्मे अजून होते. मंगलवहिनींनी त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली, डोळ्यांवर चष्मा चढवला.

"घाबरू नगा भावजी. ह्यात मेलं तरी परत उठता येतं." एवढं म्हणून त्यांनी जीभ चावली.

समोर दगडी वेस उभी राहिली. वेशीवर भाला घेतलेला मिशाळ पहारेकरी.

"उन्हातून आलेला दिसतोस," तो म्हणाला. "आधी पाणी पी, मग नाव सांग."

हणमंतरावांनी नाव सांगितलं. परवान्याचं नाणं मात्र त्यांच्याजवळ नव्हतं. पहारेकरी चिडला. ओरडला नाही. शेल्याचं टोक घेऊन तो लखलखीत भाल्याचं पातं पुसायला लागला. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिला. हणमंतराव बघत राहिले. भांडण झालं की रंजना धुतलेला ओटा असाच पुन्हा पुन्हा पुसायची.

त्याने शेवटी आत सोडलं. हणमंतराव मनात मोजत चालले. आठव्या पावलाला मागून आवाज आला, "थांब गड्या."

ते वळले. पहारेकऱ्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटाच्या नखावर फिरत होता. तो पुढे काही बोलला नाही.

"बोल की," हणमंतराव म्हणाले. "मी थांबलोय."

"आत उजव्या हाताला विहीर आहे," पहारेकरी म्हणाला आणि वळला. ते यंत्राचं बोलणं होतं. हणमंतरावांना ते लगेच कळलं.

त्या दिवशी ते खोऱ्यात तीन तास फिरले. चेटकिणीने त्यांना भाकरीचा मोठा तुकडा दिला आणि लहान स्वतःकडे ठेवला. वेताळाने वाईट बातमी सांगण्याआधी हवापाण्याची चौकशी केली. बाजारात तेरा दुकानदार होते आणि तेराही जणांनी किल्ली दोनदा चाचपली. आवाज वेगळे, अंगं वेगळी, बायका, पुरुष, भुतं. प्रत्येक जण त्यांना मागून थांबवत होता आणि गप्प होत होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मग रोजच. त्यांनी वेताळ निवडला, कारण तो झाडावरून हलत नव्हता. बोलायचं, आठ पावलं जायचं, हाक आली की परतून समोर उभं राहायचं. चाळीस मिनिटं हालचाल केली नाही की खेळ माणसाला बाहेर काढतो. मग पुन्हा शिरायचं.

खेळाडूंमध्ये त्यांची चर्चा सुरू झाली. एकदा एक चिलखतातली मुलगी जवळ आली.

"काका, ही रांग आहे का?"

"नाही. जा तू."

"हा बिघडलाय हो. मी दोनदा तक्रार केलीय. कशाला वेळ घालवताय?"

मागून एक दाढीवाला मांत्रिक आला. "बिघडलेला नाही गं तो. मला तर ह्या एका गोष्टीसाठीच खेळ आवडला. ह्याला आपल्याशी काहीतरी बोलायचंय असं वाटतं. खऱ्या जगात माझ्याशी कोण बोलतंय?"

"तुझा अवतार बघून कोण बोलेल? अरे, खेळायला आलोय आपण. भुताने भुतासारखं वागावं. मला घरी गेल्यावर सुद्धा वाटतं, मागून कुणीतरी थांब म्हणेल. झोप उडालीय माझी."

"मग खेळ बनवणारे जिंकले की!"

"काका, तुम्ही सांगा. चांगलं आहे का वाईट?"

हणमंतरावांनी वेताळाच्या तोंडावरची नजर काढली नाही. "मला ठरवता येत नाही, पोरी," ते म्हणाले.

महिन्याभराने कंपनीतून ईशानी फडतरे आली. पस्तिशीची, सवयींचं मिश्रण सांभाळणारी अभियंता. हणमंतरावांनी केलेला चहा तिने एक घोट घेऊन खाली ठेवला. त्यात साखर घालायची राहिली होती.

"काका, मिश्रणात चाळीस जणी असायला हव्या होत्या," ती म्हणाली. "आम्ही उलगडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त एकच बाई आहे. तीच सवय अनेक नावांखाली दिसली की यंत्र ती सगळ्यांचीच धरतं आणि प्रत्येक पात्राला देतं. तिचं आडनाव कसपटे, आणि कसपटे नावाचाच एक खेळाडू रोज वेताळासमोर उभा राहतो. म्हणून थेट तुमच्याकडे आले."

हणमंतरावांनी सगळं सांगितलं. पट्ट्यांची अदलाबदलही सांगितली. मग विचारलं, "थांब म्हटल्यावर पुढं काय आहे?"

ईशानी सांगू लागली.

"चाळीसही नावांच्या, नीट बंद झालेल्या सगळ्या बैठका मी पाहिल्या. पुढे काही नाही. यंत्र मनातलं टिपत नाही काका, वागणं टिपतं. कच्च्या खेळात त्या ज्याला ज्याला थांब म्हणाल्या तो पुढे निघून गेला. एक जण जरी थांबला असता, तरी त्या पुढे कशा बोलतात ते यंत्राला कळलं असतं. चौदा महिन्यांत कुणीच थांबलं नाही."

"घरीही कुणी थांबलं नाही," हणमंतराव म्हणाले.

ईशानीने कप उगाच बशीत फिरवला. "सोमवारी खेळात सुधारणा लागू होणार आहे. अकरा हजार तक्रारी आल्यात. आमच्या लेखकांनी वाक्यं लिहून ठेवलीत. वेताळ म्हणणार, थांब, हा ताईत घेऊन जा. पहारेकरी म्हणणार, थांब, पुढे दरड कोसळलीय."

"म्हणजे थांबवणार ती, आणि बोलणार तुम्ही."

"हो. नको असेल तर कायद्याने दुसरा मार्ग आहे. गेलेल्या माणसाच्या सवयी वारसाने मागितल्या तर आम्हाला काढाव्याच लागतात. पण दुसऱ्या कुठल्या नावाखाली, कुठल्या तारखेला त्या बसल्या होत्या, हे तुम्ही द्यायला हवं. त्यांचं थांबवणंही जाईल, किल्ली चाचपणंही जाईल. सगळं. परत घालता येत नाही."

"आणि मंडळाला काही त्रास?"

"तो मी होऊ देणार नाही. अजून एक. मध्येच तुटलेली बैठक असेल तर तीही सांगा. तुटलेली बैठक मिश्रणात जात नाही, ती अख्खी एखाद्या पात्राच्या वाट्याला जाते. कुणाच्या, ते आम्हालाही ठाऊक नसतं. नाव आणि तारीख दिली की यंत्र शोधून पुसून टाकतं."

ती गेल्यावर हणमंतराव भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभे राहिले. जुन्या वर्षाचीही रंजनाने खिळ्याला मागे अडकवून ठेवली होती. तिला सगळं त्याच चौकटींत लिहायची सवय. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला ते, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, त्या दिवशी कुणाची पट्टी बांधली. मं. सु. लता. परत मं. तिचं बोलणं ऐकायचं राहून गेलं तरी त्या जागी लेखकांचं ताईताचं वाक्य तिच्या तोंडी नको, एवढं त्यांचं ठरलं होतं. त्यांनी वही घेतली आणि यादी उतरवली. तीनशे अकरा बैठका झाल्या. शेवटच्या दिवसाच्या चौकटीत काही नव्हतं. ते लिहायला ती घरी आलीच नव्हती.

यादी पडताळायला ते मंगलवहिनींकडे गेले. वहिनींनी चष्मा लावून एकेक तारीख वाचली. शेवटी वही मिटली, पण परत दिली नाही.

"एक राहिलीय भावजी."

"कुठली?"

"त्या दिवशीची. तिची सकाळची झाली होती. दुपारी माझी पट्टी होती तिच्या कपाळाला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ती खुर्चीतनं कलंडली तवा मी आधी पट्टी सोडली. पिशवीत घातली. मग पाण्याला धावले. कंपनीला कळू नये म्हणून. आधी पट्टी सोडली मी, भावजी."

हणमंतरावांनी विचारलं, "त्याच्या आधी ती काय करत होती?"

"खेळतच होती. कुणाला तरी थांब म्हणाली." वहिनी आठवायला लागल्या. "आणि तो थांबला असणार. कारण मग ती बोलत होती. हळू, चांगली दोन मिनिटं. मी शेंगा निवडत होते. मला वाटलं खेळातलंच काहीतरी. मी ऐकलंच नाही ओ."

"रागात होती?"

"नाही सांगता येत. तोंड पलीकडं होतं."

हणमंतरावांनी वही मागून घेतली. घरी आले आणि तीनशे अकरा बैठकांची यादी ईशानीला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, तुटलेली एखादी सुटली नाही ना?"

"नाही," हणमंतराव म्हणाले. आयुष्यात ते फारसं खोटं बोलले नव्हते. आपण बोलण्याआधी किती वेळ घेतला हे त्यांना स्वतःलाच जाणवलं. ईशानीलाही जाणवलं असावं. तरी ती म्हणाली, "बरं. मी पुढे पाठवते."

तिने सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. ती शेवटची तुटलेली बैठक ज्या पात्राकडे गेली असेल, त्याचे शब्द यंत्राचे असतील, रंजनाचे नसतील. पण ती कुठून सुरू करते, कुठे अडते, हात पुसायला घेते की भाकरी मोडायला, हे तिचं असेल. ते बघितलं तर एवढं तरी कळेल, की बत्तीस वर्षं मागून जे येत होतं ते गाऱ्हाणं होतं की माया.

सोमवारी रंजनाच्या सवयी काढलेली सुधारणा लागू झाली. मंगलवहिनी आता त्यांना मतं वाचून दाखवत नाहीत, ते स्वतःच वाचतात. लोक लिहितात, आता माणसं वेगवेगळी वाटतात, खेळ सुधारला. काही जण लिहितात, पहिल्यासारखी मजा राहिली नाही, राक्षस नुसते मारतात. तेरा दुकानदार तेरा प्रकारचे झालेत. पहारेकरी नाणं नसलं की शिवी देतो. वेताळासमोर हणमंतराव एकदाच गेले. आठ पावलं चालले, मग आणखी आठ. मागून आवाज आला नाही.

ते रोज दुपारी जेवून समाजमंदिरात जातात. एका पात्राला गाठतात, त्याच्याशी बोलतात, निरोप घेतात आणि आठ पावलं चालून उभे राहतात. कुणी हाक मारली नाही की वहीत त्याच्यापुढे खूण करतात आणि पुढच्याकडे जातात. दिवसाला पाच-सहा होतात.

खोऱ्यात चार हजार माणसं आहेत. हणमंतरावांची सहाशे बारा झाली आहेत. बाकीच्यांना भेटायचं राहिलं आहे.